दहा पदे आणि एक दुरुस्ती

वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला पाय हे ग्रीक अक्षर प्रथम वापरले ते विल्यम जोन्स या वेल्श गणितज्ञाने, १७०६ साली. पुढे ऑयलरच्या लेखनामुळे ते रूढ झाले. ही संख्या अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून माणसाला माहीत होती. तिच्या जुन्या इतिहासात मला सर्वांत जास्त भावते ते आपले उत्तर नेमके किती चुकते आहे, याचे गणितज्ञांना असलेले भान.

आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजाकृतींच्या साहाय्याने ही संख्या २२३/७१ हून मोठी आणि २२/७ हून लहान असल्याचे सिद्ध केले, म्हणजे उत्तराऐवजी त्याने उत्तराच्या दोन्ही बाजूंच्या सीमा दिल्या. आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि तो 'आसन्न', म्हणजे जवळपास आहे, हेही त्याच श्लोकात नोंदवले. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही स्थूल, पण व्यवहाराला पुरेशी, अशा दोन किमती दिल्या. एक मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ २२/७ धरून काढला, तर चूक जेमतेम सव्वा मिलिमीटरची होते. भास्कराचार्यांचा व्यवहार यापेक्षा काटेकोर खचितच नसावा. आपल्या शाळांत मात्र हीच किंमत सर्रास बरोबरचे चिन्ह घालून शिकवली जाते, हे मला खटकते.

या भानाचा सर्वांत देखणा नमुना केरळातल्या माधवाच्या परंपरेत सापडतो. चौदाव्या शतकातील या गणितज्ञाच्या नावावर असलेली श्रेढी दिसायला अगदी साधी आहे : एकातून एक तृतीयांश वजा करा, एक पंचमांश मिळवा, एक सप्तमांश वजा करा, असे करत राहा आणि बेरजेला चारने गुणा. अडचण एवढीच, की ती फार रेंगाळते. दहा पदे घेतली तरी उत्तर ३.०४१८ येते, जे २२/७ पेक्षाही कितीतरी वाईट आहे. मग उरलेल्या अनंत पदांचा अंदाज घेणारी दुरुस्ती जोडायची. सर्वांत ढोबळ दुरुस्ती म्हणजे एक भागिले पदसंख्या, येथे ०.१, तेवढ्यानेच ३.१४१८ मिळते. त्याऐवजी ४०/४०१ मिळवले तर ३.१४१५९०, आणि त्याहून बारीक ४०४/४०५० मिळवले तर ३.१४१५९२७, म्हणजे सात दशांश स्थळांपर्यंत बिनचूक! कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा करून पाहावेच. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने मल्याळम् भाषेत लिहिलेल्या 'युक्तिभाषा' या ग्रंथात अशा दुरुस्त्या उपपत्तीसह दिल्या आहेत.

पाय ही अपरिमेय संख्या आहे हे लाम्बर्टने अठराव्या शतकात सिद्ध केले, त्यामुळे अपूर्णांकात मांडलेल्या कोणत्याही किमतीत थोडीफार चूक राहणारच, हे कायमचे ठरून गेले.

ऑयलरलाही अशीच एक रेंगाळणारी श्रेढी भेटली होती : १, १/४, १/९, १/१६ अशी वर्गांच्या व्यस्तांची बेरीज. त्यानेही युक्त्या योजून तिची किंमत १.६४४९३४ पर्यंत काढली आणि नंतर, १७३०च्या दशकात, ती पायच्या वर्गाचा सहावा भाग असल्याचे दाखवले. या बेरजेत परीघही नाही आणि व्यासही नाही. वर्तुळ येथे कोणत्या वाटेने शिरते, हे सिद्धता वाचूनही मला एका वाक्यात सांगता येत नाही.