३५ दिवसांचे राष्ट्रपती
आज दादरला आठवीतल्या भाचीला नागरिकशास्त्र शिकवत असताना तिने विचारले, "मामा, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोघेही नसतील तर?" मला १९६९ साल आठवले. ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले, त्यांचा कार्यभार सांभाळणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला पायउतार झाले. मात्र दोन्ही पदे रिक्त असतील तर सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचे काम पाहावे, अशी तरतूद करणारा कायदा संसदेने मे महिन्यातच केलेला असल्यामुळे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत ते पद सांभाळले. १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर गिरींची सही आहे आणि त्यानंतरच्या विधेयकाला ९ ऑगस्टला संमती मिळाली ती हिदायतुल्लांची. त्या खासदारांच्या दूरदृष्टीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. भाचीने दोन्ही नावे वहीत लिहून घेतली.