वरच्या एक्स्टेन्शनचा डायल टोन : चोर सापडला

मंडळी, वरच्या मजल्यावर डायल टोन (फोन उचलल्यावर एक्स्चेंजकडून येणारा सूर) आला! आणि या वेळी टिकलाय. रात्रभर कुणाचाही फोन आलेला नसताना सकाळी हँडसेट उचलला, तरी टोन हजर. आधीच्या नोंदी वाचलेल्यांना ‘कुणाचाही फोन आलेला नसताना’ याचं मोल कळेल.

नव्याने येणाऱ्यांसाठी एवढंच : चकतीवाला काळा फोन, छोटं घरगुती एक्स्चेंज आणि मधे चाळीसेक मीटर ०.५ मिमीच्या तारांची जोडी. फोन उचलला की लाइन ठार. पण बाहेरून रिंग दिली तर घंटी वाजते, उचलल्यावर बोलणं स्वच्छ होतं आणि ठेवून लगेच पुन्हा उचलला तर टोनसुद्धा येतो. थोडा वेळ गेला की पुन्हा सगळं बंद.

मीटर तर दोन्ही टोकांना ४८ व्होल्ट दाखवत होता, अगदी ठणठणीत. दिशा मिळाली ती फुंकरीमुळे. माउथपीसवर फुंकर मारली की कानात खर्रर्र यायला हवं, कारण माउथपीसमधल्या कार्बन ट्रान्समीटरला लूपचा, म्हणजे एक्स्चेंज, तारा आणि फोन मिळून होणाऱ्या सर्किटचा, करंट मिळतो आणि आपलाच आवाज थोडासा आपल्याकडे परततो. इथे काहीच येत नव्हतं. टोन नाही पण फुंकर ऐकू येते, तर एक्स्चेंजकडे बघायचं. फुंकरही नाही, तर लूपमध्ये करंटच नाही, टोन जनरेटरचं नावही काढायचं नाही. ही चाचणी फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात आधी करावी अशी आहे.

संशय आधी डायलच्या इम्पल्स काँटॅक्टवर (आकडा फिरवल्यावर लाइन तोडून-जोडून पल्स देणारा काँटॅक्ट) होता, कारण तो लूपच्या सिरीजमध्ये असतो. तो जंपरने बायपास केला, फरक शून्य. दुसरा फोन लावला, तोही मुका. म्हणजे फोन निर्दोष, दोष तारेत.

मग हँडसेट उचललेल्या अवस्थेत दोन्ही टोकांना एकाच वेळी मोजलं. एक्स्चेंजच्या टर्मिनलवर ४६ व्होल्ट, फोनवर १.२. चालू लाइनवर फोनपाशी साधारण ६ ते ८ दिसतात. पंचेचाळीस व्होल्ट वाटेतच गडप होत होते! फोनचा रेझिस्टन्स अडीचशे ओहमच्या आसपास धरला तर करंट जेमतेम ५ मिलीअँपिअर, म्हणजे वाटेत कुठेतरी ९ किलोओहम ठाण मांडून बसलेत. एवढ्या करंटवर एक्स्चेंजला फोन उचलल्याचं कळतच नाही, मग ते टोन कशाला देईल? ०.५ मिमी तांब्याची एक तार किलोमीटरला नव्वद ओहमच्या आत असते. माझ्या लांबीला जाऊन-येऊन फार तर ७ ओहम व्हायला हवेत.

मीटरची फसगत इथेच होते. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम. त्याच्यापुढे ९ किलोओहम म्हणजे काहीच नाही, म्हणून पूर्ण ४८ दिसतात. लोड न लावता, म्हणजे लाइनमधून खरा करंट न खेचता, घेतलेल्या व्होल्टेजवर लाइन पास करूच नये, हे माझं ठाम मत झालंय.

मग टोक शॉर्ट करून ओहममध्ये मोजलं : आकडा ९ किलोच्या आसपास नाचत होता. लाइन जोडून रिंग दिली आणि लगेच पुन्हा मोजलं : ८ ओहम. त्या क्षणी सगळा उलगडा झाला. घंटीची पहिली रिंग नेहमी दबकी आणि दुसरीपासून खणखणीत का, तेही कळलं. माझ्या एक्स्चेंजची रिंग ७५ व्होल्ट एसी, ती ४८च्या डीसीवर स्वार होते आणि शिखर दीडशेच्या पुढे जातं. एवढ्या दाबाने गंजलेल्या जोडावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि बोलणं चालू असेपर्यंत करंट ती वाट उघडी ठेवतो. फोन ठेवला की करंट शून्य, पापुद्रा पुन्हा धरतो. (रिंग चालू असताना उघड्या तारेला हात लावू नका, चांगलाच झटका बसतो.)

आता जोड शोधायचा. ५६० ओहमचा रेझिस्टर लोड म्हणून घेतला आणि लाइनच्या मधल्या बॉक्सपासून सुरुवात केली. तिथे चांगले १४ व्होल्ट. म्हणजे खालचा अर्धा भाग सुटला. जिन्याच्या वळणावर केसिंग पट्टी उघडली तर आत पीळ मारून टेपने गुंडाळलेला जोड! टेपचा डिंक वितळून चिकट झालेला, ओल आत शिरलेली. एक तार अजून लालसर चकचकीत, तर दुसऱ्या तारेवर हिरवी पूड आणि बोटाने दाबलं तर पीळ हलत होता. हिरवी झालेली तार धन बाजूची होती. ओलीत धन बाजूचं तांबंच विरघळतं, त्यामुळे हे अगदी नियमाला धरून झालं.

दोन्ही तारा मागे कापून जेल भरलेल्या क्रिंप कनेक्टरने जोडल्या. टेलिफोनच्या जोडाला इन्सुलेशन टेप म्हणजे गुन्हा आहे, असं मी आता उघडपणे म्हणतो. जेलवाल्या कनेक्टरला तार सोलावीही लागत नाही. लूप आता ७ ओहम, करंट २५ मिलीअँपिअर, फोनवर ६.३ व्होल्ट. आणि फुंकर अशी खणखणीत येते की मी ती उगाचच परत परत मारतोय.

पुढचा बेत डायलची गती सुधारण्याचा होता, पण आधी टेस्टरचा डबा बनवायचा : ५६० ओहम, २ वॉट आणि त्याच्या सिरीजमध्ये एकमेकांना समांतर पण उलटसुलट जोडलेले लाल-हिरवे एलईडी, म्हणजे लोड आणि पोलॅरिटी एकदमच कळेल. माझं एक्स्चेंज करंट २५ वर अडवतं, म्हणून एलईडी सुरक्षित. तुमच्याकडे तशी मर्यादा नसेल तर रेझिस्टर मोठा घ्या. हे लिहिताना आणखी एक सुचलं : ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून क्रिस्टल इअरपीस जोडला तर त्याच डब्यावर टोनही ऐकता येईल. तेही करणार.

लाइनवर कायमचा एक-दीड मिलीअँपिअर सोडून जोड जागे ठेवण्याचाही विचार आला होता. तो सोडला. त्याने खराब जोड झाकला जाईल, आणि मला तो दिसायला हवाय. त्याऐवजी तळमजल्यावरचे सगळे टेपवाले जोड उघडणार. डायल सध्या सेकंदाला आठ पल्सवर रेंगाळतोय, तो दहावर आणण्याचं काम त्यानंतर. त्याच्या गव्हर्नरला (चकतीची परतीची गती आवरणारा भाग) कुणी कोणतं तेल वापरलंय ते जरूर सांगा.