देवराईचा वनहक्क दावा आणि कचेरीला हवा असलेला दाखला : माझा अनुभव

देऊळ नाही, तर देवाच्या जागेचा पुरावा कोणता, हा प्रश्न मला एका सरकारी कचेरीत इतक्या वेळा ऐकावा लागला की, वनहक्काच्या दाव्याचा सारा अनुभव लिहायला बसलो तरी लेखणी पुन्हा तिथेच जाते. गोव्यातल्या आमच्या वाड्यामागची, म्हणजे वस्तीमागची, देवराई कागदोपत्री वनखात्याच्या जमिनीत मोडते. तिच्यातून उच्चदाब वीजवाहिनीची आखणी झाली आणि झाडांच्या बुंध्यांवर रंगाने आकडे घातले गेले, तेव्हा वाड्याने, वनजमिनीवरचे रहिवाशांचे पूर्वापार हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करायचे ठरवले. लिहिण्यावाचण्याचे काम माझ्याकडे आले.

आमचा विजेला विरोध नाही. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते आणि ती आणायची तर तारांना कुठून तरी वाट द्यावी लागणार, हे वाड्यावर सर्वांना कळते. पण वाट कोणती, हे ठरवता येते. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या चारशे किलोव्होल्टच्या वाहिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये, जंगलात नवा पट्टा पाडण्याऐवजी आधीच्या वीजवाहिनीचा पट्टा वापरावा, अशी शिफारस केली होती आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने ती मान्य केली. एवढ्या दाबाच्या वाहिनीसाठी साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. तारांखालची मोठी झाडे गेली की ऊन थेट जमिनीवर येते, ओल आटते आणि बघता बघता रानमोडीचे तण माजते. आमच्या देवराईतला झरा खालच्या कुळागरांना, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांना, पाणी पुरवतो. आत कोयती चालवायची नाही आणि पडलेले सुके लाकूडसुद्धा बाहेर न्यायचे नाही, हा दंडक त्या पाण्यामुळेही टिकला असावा. झाडे मोजणाऱ्यांच्या तक्त्यात मात्र यातले काहीच नव्हते. त्यात होता फक्त खोडाचा घेर आणि झाडाची जात.

ग्रामसभेचा ठराव, गावच्या वनहक्क समितीची बैठक, सामूहिक दाव्याचा नमुना ‘ब’ भरणे, हे सारे विनासायास पार पडले. दाव्याच्या ठरावासाठी निम्मे सभासद हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. आमच्याकडे स्त्रियाच अधिक आल्या.

गाडे अडले ते दावा कचेरीत पोहोचल्यावर. आधी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा मागितला. तो दिला, तर त्यात जमीन सरकारची दिसते, असे मलाच सुनावण्यात आले. जमीन सरकारची आहे म्हणूनच या कायद्याखाली दावा केला आहे, हे समजावण्यात बराच काळ गेला. त्यानंतर निघाली देवस्थानाच्या नोंदणीच्या दाखल्याची मागणी. १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीप्रमाणे चालणाऱ्या देवळांकडे महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांची, यादी असते, समिती असते, हिशेबाची वही असते. आमच्या राखणदाराला, म्हणजे देवराई राखणाऱ्या देवाला, छप्पर नाही, फंडपेटी नाही, त्यामुळे महाजनही नाहीत. जांभ्या दगडाचा एक बुटका चौथरा, त्यावर नवसाचे मातीचे घोडे, काही नवे, काही पावसाने विरघळून निम्मे उरलेले, एवढेच त्याचे देवस्थान. याचे फोटो पुढे केले, तर समोरच्या गृहस्थांनी ते उलटे करून मागे शिक्का आहे का, ते पाहिले. हे मी रागाने लिहितो आहे, याची मला जाणीव आहे.

वास्तविक या कायद्याच्या नियमांत, तेराव्या नियमात, पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात विहिरी, स्मशानभूमी आणि पवित्र स्थळे यांसारख्या जुन्या खुणा येतात; दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही येते. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे असले की पुरे. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने दावे तपासणाऱ्या वरच्या समित्यांना विशिष्ट कागदाचाच आग्रह धरण्यास मनाई केली आहे. मी हा नियम वाचून दाखवला. ‘ते ठीक आहे, पण दाखला आणा,’ हे उत्तर.

वडीलधाऱ्यांच्या निवेदनावर निघालेली हरकत अधिक चतुर होती. सामूहिक दाव्यात अख्खा वाडाच दावेदार, मग दावेदार नसलेला म्हातारा आणणार कुठून? तोड वाड्यावरच्या बायकांनी काढली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आमच्या वयोवृद्ध माहेरवाशिणींना त्यांनी बोलावून घेतले. चपला कुठे काढायच्या, नारळ कुठे ठेवायचा, बायकांनी कोणत्या दगडापुढे जायचे नाही, हे प्रत्येकीने स्वतंत्रपणे सांगितले आणि ते जुळले. अशा पुराव्याचा मला अभिमान वाटतो, शिक्का नसला तरी.

शेवटी मी अर्ज दिला की, हा दाखला कोणत्या नियमाखाली मागता, ते लेखी कळवावे. सोबत माहिती अधिकाराखाली आमची फाईल पाहायला मागितली. फाईलमध्ये दाखल्याचा उल्लेखच नव्हता. ‘पुरावा अपुरा’ एवढाच शेरा होता. त्या अर्जाला उत्तर आले नाही, पण दावा मात्र पुढे सरकला. तेव्हा तोंडी मागणीला तोंडी उत्तर देत बसू नये आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

आधी सांगायला हवे होते ते असे की, संयुक्त पाहणी मे महिन्यात ठेवून घ्यावी. कडक उन्हाळ्यात झरा वाहता असल्याची नोंद पंचनाम्यात आली, तर ती पावसाळ्यातल्या नोंदीपेक्षा बोलकी असते. वनखात्याला पाहणीची लेखी सूचना द्यावी. ते आले नाहीत आणि त्याच कारणावर पुढे हरकत घेतली, तर पाहणी पुन्हा होते. त्याही वेळी ते गैरहजर राहिले, तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. शेजारच्या धनगर कुटुंबांनी वैयक्तिक दावा करताना हे ध्यानात घ्यावे की, गोव्यात वेळीप, गावडा आणि कुणबी यांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, धनगरांना तो नाही. त्यामुळे त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते.

आमचा दावा आता जिल्हास्तरीय समितीपुढे आहे. तो मंजूर झाला म्हणजे वाहिनी आपोआप हलेल, असे मात्र नाही. केंद्राने फेब्रुवारी २०१३ मध्ये रस्ते, वीजवाहिन्या अशा प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून बरीचशी सूट दिली आहे. म्हणून देवराई टाळून जाणाऱ्या जुन्या वाहिनीच्या पट्ट्याचा नकाशा आम्ही दाव्याबरोबरच सादर केला आहे आणि पर्यायी मार्गाची मागणी वेगळ्या अर्जाने केली आहे. त्या अर्जाची पोच आमच्याकडे आहे.