मॉड्युलेटरचं पेटंट: क्लेम वाचायला मला एक्झामिनरने शिकवलं

आमचं पेटंट एकदाचं ग्रँट झालं. प्रोव्हिजनल (तारीख राखून ठेवणारा कच्चा अर्ज, पूर्ण अर्ज वर्षभरात द्यायचा) फाईल केल्यापासून हातात नंबर पडेपर्यंत चार वर्षांच्या वर गेली आणि त्यातला बराच वेळ मी स्वतःच्या चुका निस्तरण्यात घालवलाय, म्हणून लिहून ठेवतोय. मी फोटॉनिक्सवाला, वकील नाही, तेव्हा कायद्याच्या गोष्टी मला जशा कळल्या तशा सांगतो. फाईल अमेरिकेत केलेलं, बरोबर पीसीटी पण (बऱ्याच देशांसाठी एकत्र अर्ज), त्यामुळे नियम तिथले आहेत.

आधी वस्तू काय ते. थिन फिल्म लिथियम नायोबेटचा माख झेंडर मॉड्युलेटर. लाईट दोन वेव्हगाईडमध्ये विभागायचा, दोन्हीच्या बाजूने इलेक्ट्रोड नेऊन व्होल्टेज द्यायचं, पॉकेल्स इफेक्टने इंडेक्स (अपवर्तनांक, म्हणजे लाईट किती हळू जातो ते) किंचित बदलतो, फेज बदलते, पुढे दोन्ही परत एकत्र आले की लाईट चालू नाहीतर बंद. मटेरियल जुनंच आहे, लिथियम नायोबेटमध्ये टायटॅनियम डिफ्यूज करून वेव्हगाईड बनवणं १९७४ पासून चालू आहे, पण पातळ फिल्मवर हे सगळं छोटं आणि कमी व्होल्टेजचं होतं हे २०१८ च्या सुमाराला लोकांच्या डोळ्यात भरलं आणि मग सगळेच त्यात उतरले, आम्ही पण.

हाय स्पीडला खरी मारामारी व्होल्टेजची नसते, ती असते वेगाची. इलेक्ट्रोडवरून मायक्रोवेव्ह धावते, शेजारून लाईट धावतो, दोघांनी बरोबर चालायला पाहिजे. एक पुढे गेला की मॉड्युलेशन पुसलं जातं. हिशोब सोपा आहे, २ सेंटीमीटरच्या इलेक्ट्रोडवर दोघांच्या इंडेक्समध्ये ०.१ चा फरक राहिला तर बाकी काहीही लॉस नाही असं धरलं तरी बँडविड्थ ६६ गिगाहर्ट्झच्या आसपास संपते. आम्ही काय केलं तर इलेक्ट्रोडच्या कडेला जे टी आकाराचे तुकडे लावतात (करंट अरुंद गॅपपासून लांब राहतो आणि लॉस कमी होतो म्हणून), ते सुरुवातीच्या भागात दाट ठेवले, तिथे लॉस कमी पण वेव्ह लाईटच्या मागे पडते, आणि पुढच्या भागात विरळ केले म्हणजे ती लाईटपेक्षा जरा जोरात पळते आणि मागे पडलेलं भरून काढते. शेवटाला दोघं बरोबर. एवढीच आयडिया.

आता पहिली चूक. प्रोव्हिजनल फाईल केलं तेव्हा आमच्याकडे फक्त दाट टी वालं डिझाईन होतं, दोन भागांची आयडिया नंतर सुचली. सात महिन्यांनी एका कॉन्फरन्सला मी मोठ्या उत्साहात दोन भागांचं डिझाईन पोस्टरवर टाकून मोकळा, डोक्यात हे की प्रोव्हिजनल झालंय ना, आता काय भीती. फुल अ‍ॅप्लिकेशन गेलं त्यानंतर चार महिन्यांनी, बारा महिन्यांची मुदत संपता संपता. अटर्नी मॅडमनी तेव्हाच विचारलेलं, मध्ये काही पब्लिश केलंय का, आणि मी सांगितलं हो, पण प्रोव्हिजनलनंतर. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलेलंच नाही त्याला प्रोव्हिजनलची तारीख कशी मिळेल?

म्हणजे आमचं स्वतःचं पोस्टर आमच्याच विरुद्ध प्रायर आर्ट, म्हणजे अर्जाआधीच जाहीर झालेली गोष्ट. अमेरिकेत शोध लावणाऱ्याने स्वतः जाहीर केलेल्या गोष्टीला एक वर्षाची सवलत आहे, त्यामुळे तिथे जीव वाचला. युरोपात तशी सवलत नाही. पीसीटीचा सर्च रिपोर्ट आला त्यात पोस्टरसमोर ठळक एक्स होता, एक्स म्हणजे हा एकटा कागदच तुमचा क्लेम (पेटंटने नक्की काय राखायचं ते सांगणारं वाक्य) पाडायला पुरेसा आहे. युरोपचा विषय तिथेच सोडला. त्या दिवशी मी जेवलो नाही नीट, खोटं कशाला बोलू.

फुल अ‍ॅप्लिकेशननंतर बराच काळ शांतता. प्रोव्हिजनलपासून अठराव्या महिन्याला अ‍ॅप्लिकेशन पब्लिश होतं तेवढीच हालचाल. मध्ये रिस्ट्रिक्शन आलं, म्हणजे डिव्हाईस आणि बनवायची पद्धत हे दोन वेगळे शोध आहेत, एक निवडा. डिव्हाईस निवडलं, विषय संपला.

मग पहिली ऑफिस अ‍ॅक्शन. म्हणजे एक्झामिनरचं, अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं, पत्र. नॉन फायनल, आणि सगळे क्लेम रिजेक्ट. मी पहिल्यांदाच बघत होतो, मला वाटलं खेळ खल्लास, पण मॅडम निवांत होत्या, बहुतेक फाईली अशाच सुरू होतात म्हणे. उत्तराला तीन महिने, फी भरून सहापर्यंत ताणता येतात.

क्लेम एक कलम १०२ खाली गेलेला, म्हणजे नवीनच नाही. दाखला, म्हणजे आधीचा कागद, होता दुसऱ्याच कोणाच्या मॉड्युलेटरचा, ज्यात टी सगळे एकसारखे होते. मी दोन दिवस नुसता चिडून फिरत होतो, यात आमचं काय आहे, एक्झामिनरने वाचलंय तरी का. तिसऱ्या दिवशी आकृती मोठी करून बघितली. पॅडजवळचे शेवटचे चारपाच टी हळूहळू आखूड होत गेलेले, इम्पीडन्स जुळवायला सगळेच करतात तसे. आणि आमचा क्लेम काय म्हणत होता? "पहिल्या लांबीचे काही सेगमेंट आणि त्याहून वेगळ्या दुसऱ्या लांबीचे काही सेगमेंट." बस. वेग, मागे पडणं, भरून काढणं यातलं अक्षर नाही. एक्झामिनर क्लेमच्या शब्दांचा वाजवी असेल तेवढा रुंद अर्थ लावतो, आणि त्या अर्थाने ते पॅडजवळचे आखूड टी आमच्या क्लेममध्ये चपखल बसत होते. तो माझा मॉड्युलेटर वाचत नव्हता, मी सही केलेलं वाक्य वाचत होता. आणि ते वाक्य रुंद ठेवा रुंद ठेवा असं मीच मॅडमच्या मागे लागलेलो.

दुसरी गंमत, एका डिपेंडंट (दुसऱ्या क्लेमवर टेकलेल्या) क्लेममध्ये मी हौसेने घालायला लावलेलं की बँडविड्थ अमुकपेक्षा जास्त. त्याचा उपयोग शून्य. डिव्हाईसचा क्लेम असेल तर डिव्हाईस कसा बनलाय ते सांगा, तो काय पराक्रम करतो ते नको. रचना तीच असेल तर पराक्रमही तोच होणार असं धरतात, आणि तसं होत नाही हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते.

दोन भागांच्या क्लेमवर मात्र लावलेलं आमचंच पोस्टर. मी म्हटलं आता काय अडचण, वर्षाच्या आतलं आहे, आमचंच आहे. अडचण होती नावांची. पोस्टरवर तीन नावं, अ‍ॅप्लिकेशनवर इन्व्हेंटर दोन. तिसरा आमच्याकडचा स्टुडंट, ज्याने सगळी मोजमापं केली. कागदावर जादा माणूस दिसला की ऑफिस असं धरून चालू शकतं की ही आयडिया कदाचित त्याची असेल, मग सवलत आपोआप लागू होत नाही. त्यासाठी नियम १३० चं डिक्लरेशन द्यावं लागलं, त्यात मी शपथेवर लिहिलं की आयडिया आम्हा दोघांची, त्याने आमच्या सांगण्यावरून चिप टेस्ट केल्या. कायद्याने बरोबर आहे, डोक्यात कल्पना पूर्ण कोणाची झाली ते बघतात, हात कोणाचे चालले ते नाही. पण त्याला ते डिक्लरेशन दाखवताना मला अवघड झालं. तो म्हणाला, सर ठीक आहे, खरंच तर आहे. वर्षभर रात्री प्रोब स्टेशनवर बसलेला पोरगा. पुढच्या वेळी पोस्टरवर कोण आणि इन्व्हेंटर कोण हे पोस्टर छापायच्या आधी बसून बोलायचं, आणि पोस्टर फायलिंगच्या आधी टाकायचंच नाही.

पोस्टर निघालं, १०२ पण आम्ही क्लेम एकमध्ये दोन भाग घातल्यावर निघालं. आणि फायनल रिजेक्शन आलं. यावेळी १०३, म्हणजे नवीन असेल पण उघड आहे. त्याच टी वाल्या दाखल्याला आता जोडलेला गॅलियम आर्सेनाइडच्या मॉड्युलेटरचा एक जुना दाखला, कारण तुकड्या तुकड्यांचे इलेक्ट्रोड १९९० च्या आसपास त्या मटेरियलमध्ये येऊन गेलेत. तर्क असा, की वेग जुळवायला सेगमेंट बदलणं माहीत आहे, किती दाट किती विरळ हे ठरवणं म्हणजे नेहमीचं ट्यूनिंग. २००७ च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या केएसआर निकालानंतर अमेरिकेत उघड आहे म्हणायला दाखल्यात नेमका तसा सल्ला लिहिलेला असायलाच पाहिजे असं नाही, जाणकाराची साधी समज पण धरतात, त्यामुळे "दोन्ही कागदात हे एकत्र करा असं कुठे लिहिलंय" एवढंच ओरडून चालत नाही.

इथे मात्र फिजिक्स कामाला आलं आणि हाच भाग मला सगळ्यात आवडला. गॅलियम आर्सेनाइडमध्ये लाईट हळू असतो, इंडेक्स ३.४ च्या घरात, आणि वरच्या इलेक्ट्रोडची अर्धी फील्ड हवेत असल्यामुळे मायक्रोवेव्ह पुढे पळते. म्हणून तिथे सेगमेंट लावतात ते तिला ब्रेक लावायला. आमच्या फिल्ममध्ये लाईटचा ग्रुप इंडेक्स (लाईटवरचा सिग्नल किती हळू जातो ते) २.२-२.३, खाली सिलिकॉन, मायक्रोवेव्ह आधीच जवळपास त्याच वेगात, तिला आणखी ब्रेक लावला की ती मागेच पडणार. म्हणजे जुना दाखला वाचून कोणी हुशार माणूस आमच्याकडे आला तर तो एकतर सेगमेंट काढेल किंवा सगळीकडे एकसारखे ठेवून वेग जुळवेल. मुद्दाम आधी एका बाजूला चुकवायचं आणि मग दुसऱ्या बाजूला, हे ट्यूनिंग करत करत कोणी पोचणार नाही कारण ट्यूनिंगवाला चूक कमी करत जातो, आपण वाढवत होतो.

मॅडम म्हणाल्या हे कागदावर पाठवू नका, इंटरव्ह्यू घेऊ. म्हणजे एक्झामिनरशी अर्धा तास कॉल, आधी अजेंडा पाठवायचा. मी एक ग्राफ काढला, आडवी इलेक्ट्रोडची लांबी, उभा मायक्रोवेव्ह आणि लाईटमधला उशीर. एकसारख्या डिझाईनमध्ये नुसती चढण, २ सेंटीमीटरला ६.७ पिकोसेकंद. आमच्यात टेकडी, मध्याला ३.३ आणि शेवटी परत जवळपास शून्य. एक्झामिनर शांतपणे बघत होता, दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले, त्याला विषय पक्का माहीत होता (मी मनात त्याला काय काय म्हटलेलं ते इथे नको). मग म्हणाला, टेकडी समजली, पण ही क्लेममध्ये कुठे आहे?

परत तेच. क्लेममध्ये "दाट" आणि "विरळ" होतं, टेकडी नव्हती.

आता टेकडी लिहायची तर तिला अ‍ॅप्लिकेशनमध्ये आधार हवा, फायलिंगनंतर नवीन मजकूर एक ओळही घुसवता येत नाही. "शेवटी उशीर जवळपास शून्य" असं मोघम लिहिलं तर ११२ (क्लेम स्पष्ट नाही असं म्हणणारं कलम) येतं, जवळपास म्हणजे किती? मी स्पेक (अर्जातलं सविस्तर वर्णन) पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि मागच्या पानांत एक कंटाळवाणा तक्ता सापडला, प्रत्येक चिपच्या प्रत्येक भागाचा मायक्रोवेव्ह इंडेक्स, त्याखाली एक परिच्छेद की पहिल्या भागात फरक ०.०२ ते ०.२, दुसऱ्यात तेवढाच उलट चिन्हाचा, आणि शेवटचा उशीर अर्ध्या पिकोसेकंदाच्या आत. हा तक्ता मी फायलिंगच्या आदल्या रात्री काढायला निघालेलो, उगाच पानं वाढतात म्हणून. स्टुडंट म्हणालेला, राहू दे सर, मोजलंय तर असू दे.

तेच आकडे क्लेम एकमध्ये गेले. पहिल्या भागात मायक्रोवेव्ह इंडेक्स ग्रुप इंडेक्सपेक्षा एवढ्याने जास्त, दुसऱ्यात एवढ्याने कमी, शेवटी उशीर अर्ध्या पिकोसेकंदाच्या आत. क्लेम अरुंद झाला हे खरं, मला थोडं दुखलंही, पण मॅडमनी विचारलं की कोणी तुमची नक्कल केली तर तो याच्या बाहेर राहून करू शकेल का, आणि मी विचार केला तर नाही, फायदाच त्या आकड्यांत आहे. फायनलनंतर असा बदल आपोआप घेत नाहीत, म्हणून आरसीई, म्हणजे परत फी भरून एक्झामिनेशन चालू ठेवायचं. दोन महिन्यांनी अलाउन्सची (मंजुरीची) नोटीस. इश्यू फीला तीन महिने आणि ती मुदत वाढत नाही, मी दुसऱ्याच दिवशी भरायला लावली.

अलाउन्समध्ये एक्झामिनर कारण लिहितो, आमच्यात त्याने दोन उलट दिशांचे फरक आणि शेवटचा उशीर एवढंच एका वाक्यात लिहिलेलं. मी पहिला ड्राफ्ट काढून शेजारी ठेवला, त्यात हीच गोष्ट सांगायला मला अकरा ओळी लागलेल्या आणि तरी ती त्यात नव्हती.

ग्रँट व्हायच्या आत एक कंटिन्युएशन (पहिल्याला जोडलेला पुढचा अर्ज) पण टाकून ठेवलं, त्यात एका टेकडीच्या ऐवजी अनेक. त्याची पहिली ऑफिस अ‍ॅक्शन मागच्या आठवड्यात आली. डबल पेटंटिंग, म्हणजे एकाच शोधाला दोन पेटंट नकोत, आणि विरुद्ध लावलेला दाखला आमचंच नवं कोरं पेटंट. टर्मिनल डिस्क्लेमर दिलं की निघतं म्हणे, म्हणजे दुसरं पेटंट पहिल्याबरोबरच संपणार आणि दोन्हीची मालकी एकाकडेच ठेवायची. स्टुडंट या वेळी इन्व्हेंटर आहे, अनेक टेकड्यांची आयडिया त्याचीच. पोस्टर अजून छापलेलं नाही.