पाटी लावायला पैसे देतात, काढायला नाही!

आमच्या टल्सामध्ये (ओक्लाहोमा) एक योजना आहे. तुमचं दुकान रूट 66 या जुन्या हायवेवर असेल आणि तुम्ही त्यावर निऑनची पाटी लावली, नाहीतर जुनी बंद पडलेली पाटी दुरुस्त केली, तर खर्चातला वाटा शहर उचलतं. ऑफिसातल्या एकानं हे सांगितलं तेव्हा मी परत विचारलं, पाटी काढायला की लावायला? लावायला म्हणे. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, कारण आपल्याकडं रस्त्याकडेचं दुकान आणि सरकार यांची भेट होते ती जेसीबी मधे ठेवूनच.

तेव्हापासून वीकएंडला कॅमेरा घेऊन या रस्त्यानं हिंडायचा नाद लागला. बायको म्हणते, लोकं ग्रँड कॅनियन बघायला जातात आणि तू बंद पडलेले पेट्रोल पंप. आता 66 म्हणजे शिकागो ते सांता मोनिका, 1926 साली नंबर मिळालेला रस्ता, त्याचे जनक म्हणतात ते सायरस एव्हरी टल्साचेच, त्यामुळं इथली माणसं त्यावर जरा जास्तच मिरवतात. 1956 ला इंटरस्टेटचा कायदा झाला, बाजूनं मोठे रस्ते आले, गाड्या तिकडं वळल्या आणि 1985 ला 66 हा नंबरच यादीतून काढून टाकला. मागं राहिली मोटेलं, डायनर (साध्या खानावळी), आणि गाडीवाल्यानं थांबावं म्हणून केलेले एकेक अचाट प्रकार. टल्साजवळ कटूसाला तळ्याकाठी 80 फुटी निळा देवमासा आहे, सिमेंटचा, पूर्वी लोकं तोंडातून आत जायची आणि शेपटीवरून पाण्यात उडी मारायची. एका गृहस्थानं सत्तरच्या दशकात बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तो बांधला. 1988 ला बंद पडला, मग लोकांनी रंगरंगोटी करून जगवला आणि आता तर तो गावच्या मालकीचा आहे. तो बघताना मला पैठणचं ज्ञानेश्वर उद्यान आठवलं, शाळेच्या सहलीत कारंजी बघून आम्ही येडे झालो होतो. ती कारंजी पुढं बंद पडली ते तुम्हाला माहितीच आहे.

असल्या जागांच्या फोटोंचा इथला मोठा माणूस म्हणजे जॉन मार्गोलीज. जवळजवळ चाळीस वर्षं अमेरिकाभर गाडी चालवत त्यानं मोटेलं, पंप, मिनी गोल्फ, बदकाच्या आकाराचं दुकान (हे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला खरंच आहे, 1931 चं) असलं सगळं टिपलं. 11,710 स्लाइड्स आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कुणीही फुकट डाऊनलोड करून वापरू शकतं. मी रात्र रात्र बघितल्यात. रंग काय, आकाश काय, सगळं एक नंबर.

पण एक गोष्ट मला जाम खटकते. त्या फोटोंत माणूस नाही. गाडीपण नाही. तो मुद्दाम सकाळी सकाळी जायचा, ऊन चांगलं आणि समोर कुणी नाही, म्हणजे इमारत नीट दिसावी. बरोबर आहे त्याचं, दस्तऐवज म्हणून उत्तमच आहे, पण मला एवढ्या स्लाइड्स बघून झाल्यावर विचारावंसं वाटतं की बाबा, मालक कुठाय? पाटी रंगवली कुणी? आत चहा कोण पितंय? आपल्याकडं रसवंतीचा फोटो माणसाशिवाय काढून दाखवा. कॅमेरा वर करायच्या आत चार पोरं फ्रेममध्ये उभी, रसवाला केस नीट करतो आणि बाजूचा पंक्चरवाला विचारतो, पेपरात येणार का? रसवंतीत बांधकाम असतं तरी कितीसं, चार बांबू, वर उसाचं पाचट, चरकाला घुंगरं. ती घुंगरं लांबून ऐकू येतात तीच जाहिरात. माणूस आणि आवाज काढून टाकला तर फोटोत उरणार काय, पाचट!

आमचा धुळे-सोलापूर रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 211, आता 52. चौपदरी झाला, बायपास झाले, बीड कधी येऊन गेलं कळत नाही. त्या जुन्या रस्त्यावर काय काय होतं आठवा. मांजरसुंब्याच्या फाट्यावरची हॉटेलं, सरमकुंडीला पेढ्यासाठी थांबलेल्या गाड्या, ढाब्याच्या मागच्या भिंतीवर रंगवलेला नारळ-समुद्र-सूर्यास्त (समुद्र! बीड जिल्ह्यात!), खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव, पत्ता, पाच आकडी फोन नंबर. 'शुद्ध शाकाहारी' मधला 'हा' असा काही वळवलेला असायचा की आजचा कुठलाही फॉन्ट झक मारेल. फ्लेक्स आला आणि पेंटर गेले. ह्याचे फोटो कुणी काढले? मी तर नाही, तेव्हा माझ्याकडं कॅमेराच नव्हता आणि असता तरी ढाब्याच्या भिंतीवर रोल कोण वाया घालवणार.

इथले मित्र हळहळतात, तुमच्याकडं काहीच जपत नाहीत का म्हणून. मग माझं डोकं सटकतं. एकतर वेरूळवाल्यांना 1950 च्या मोटेलचं कौतुक सांगू नये (हा डायलॉग मी इथं फार वापरतो, खरं तर वेरूळ टिकलं कारण अखंड डोंगर कुणाला उचलून नेता येईना). दुसरं म्हणजे यांनी पण आधी मोडलंच की. 1965 ला हायवे सुंदर करायचा कायदा आणून रस्त्याकडेच्या जाहिरातींवर बंधनं आणली, तेव्हा या पाट्यांकडं बघून नाकं मुरडत होते. प्रेम उतू गेलं ते पुढं, धंदे मेल्यावर. आपण आत्ता कुठं त्यांच्या 1956 मध्ये आहोत, आणि आपले हॉटेलवाले मेले नाहीत, बायपासवर सरकले. जुन्या पत्र्याच्या जागी एसी फॅमिली हॉल, गाड्या लावायला जागा, स्वच्छ संडास. आईला घेऊन जाताना तो संडास मला त्या सूर्यास्तापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि असं वाटण्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. आठ हजार मैलांवर बसून पत्र्याच्या हॉटेलासाठी रडणं सोपं असतं.

तरी पण आतेभावाला म्हणलं, जाता-येता जुन्या रस्त्यावर जे काही उरलंय त्याचे फोटो पाठव, भिंती, पाट्या, काहीही. तो म्हणला, "दादा, तू तिकडं जाऊन हे कामून करायलास? लोकं हसतेत ना मला." मग दोन दिवसांनी फोटो आला. मधोमध तो स्वतः, गॉगल लावून, हातात रसाचा ग्लास, मागं रसवाला आणि तीन अनोळखी पोरं दात काढून उभी. पाटीचा एक कोपरा दिसतोय, त्यावर '...नाथ रसवंती गृ' एवढंच. म्हणलं पुढचं पण घे ना. तर म्हणतो, पुढं मी उभा होतो ना.