चार सेकंदांचं रेटिंग

माझं काम सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे घरात बसून सिरियली बघायचे पैसे मिळतात?" मिळतात. पण एका भागाला तीन-तीन तास लागतात आणि त्यातली निम्मी वेळ बोट पॉज बटणावर असतं.

ओटीटीवर मालिका सुरू होताना कोपऱ्यात यू/ए १३+ किंवा ए असं येतं, शेजारी 'हिंसा, शिवीगाळ' वगैरे. ते सेन्सॉर बोर्ड ठरवत नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे ती वर्गवारी ओटीटीवाल्यांनी स्वतःच करायची असते. ते काम एजन्सीकडे ढकलतात, एजन्सी आमच्यासारख्या कंत्राटी माणसांकडे. फाइल येते तेव्हा पडद्यावर आडवं माझं नाव छापलेलं असतं, म्हणजे फुटली तर कुणाला धरायचं ते कळावं. खाली टाइमकोड पळतो, बाजूला शीट. चुंबन आलं की थांबायचं, कुठे सुरू, कुठे संपलं ते टाकायचं आणि सौम्य, मध्यम, तीव्र यांतलं एक निवडायचं. उघडी पाठ की छाती, खोलीत उजेड किती, बिछान्यात हालचाल आहे की थेट सकाळच झालेली. ही 'सकाळ' आमची फार लाडकी. पांढरी चादर, खिडकीतून ऊन, ज्यूसचा ग्लास. रात्री जे काही झालं ते सगळं १३+ मध्ये बसतं.

त्याआधी मी बेळगावात शहापूरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचो. त्या कामानं एक शिकवलं : अंतरपाट बाजूला झाल्यावर पहिल्या दीड सेकंदात दोघांच्या चेहऱ्यावर काय ते दिसतं, पुढचे चार तास नुसते नातेवाईक. शीटमध्ये नजरेला मात्र रकाना नाही.

सुपरहिरोंच्या मालिका बहुतेक माझ्याच गळ्यात पडतात, कारण त्या इतर कुणाला नको असतात. सीझनवर सीझन, मारामाऱ्यांच्या नोंदींनीच शीट भरतं. शिवाय जुनी मालिका नव्या ठिकाणी गेली की तिची पुन्हा तपासणी होते. त्यामुळे या लोकांच्या प्रेमप्रकरणांवर माझं मत आहे आणि ते कुणी न विचारता मी देतो. हे हिरो इमारत उचलतात. प्रेमात मात्र प्रत्येक पिढीत त्यांच्या मागे कुणीतरी काठी घेऊन उभं असतं. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं बॅटमॅन आणि रॉबिन एका घरात राहतात यावर बोट ठेवलं. पुढे १९६४ मध्ये कॉमिकमध्ये त्या बंगल्यात एक मावशी, आंट हॅरिएट, आणून बसवली. लोकांच्या मनातला संशय घालवायला, असं मानलं जातं. १९६६ च्या टीव्ही मालिकेतही ती होतीच. दोन पुरुष एका छताखाली, मग घरात एक वडीलधारी बाई हवीच. आमच्या गल्लीत भाड्यानं खोली देताना हाच विचार होतो, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

'लोइस अँड क्लार्क'मध्ये सुपरमॅनचं लग्न १९९६ मध्ये लागलं आणि त्यासाठी कॉमिकमधलं लग्न मागे ठेवलं होतं, म्हणजे दोन्हीकडे एकदमच अक्षता पडाव्यात. 'ॲरो'मध्ये फेलिसिटी नावाची मुलगी एका भागापुरती आली होती. प्रेक्षकांना आवडली म्हणून राहिली आणि कॉमिकमधली ठरलेली नायिका बाजूला पडली. असं झालं की मला आनंद होतो, कारण ते कागदावरून ठरलेलं नसतं, पडद्यावर दिसलेलं असतं. 'द फ्लॅश'मध्ये हिरो बॅरीला त्याच्या प्रेयसीच्या, आयरिसच्या वडिलांनी लहानपणापासून सांभाळलेलं. हे मालिकेनंच घातलेलं. कॉमिकमध्ये दोघं मोठेपणी भेटतात. मी ते तपासत होतो तेव्हा आई मागच्या खुर्चीवर शेंगा सोलत होती. म्हणाली, "एका घरात वाढलेत आणि राखी बांधली न्हाई होय रे?" असल्या आक्षेपालाही शीटमध्ये रकाना नाही.

दोन बायकांचं किंवा दोन पुरुषांचं प्रेम या मालिकांमध्ये आधी इशाऱ्यानं यायचं. २०१३ मध्ये बॅटवुमनचं तिच्या मैत्रिणीशी लग्न प्रकाशकानं होऊ दिलं नाही म्हणून कॉमिकच्या लेखकांनी ते काम सोडलं. २०१९ मध्ये तिचीच मालिका टीव्हीवर आली आणि ती समलिंगी आहे हे उघड होतं. 'सुपरगर्ल'मधल्या तिच्या बहिणीला, ॲलेक्सला, २०१६ च्या सीझनमध्ये स्वतःबद्दल जे कळतं ते घाई न करता दाखवलंय, तिची घालमेल, अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं. तो सीझन तपासताना मी नोंदी करायच्या विसरत होतो. 'लोकी'मध्ये २०२१ साली, त्याला बाई-पुरुष दोन्ही आवडतात एवढं एक वाक्य बोलून विषय संपवला. आणि त्याच वर्षी 'हार्ली क्विन' या खलनायिकेवरच्या कार्टून मालिकेच्या निर्मात्यानं सांगितलं की बॅटमॅन आणि कॅटवुमनचा एक शय्याप्रसंग बॅटमॅनची मालक कंपनी डीसीनं काढायला लावला. कारण हिरो तसलं करत नाहीत, खेळणी विकायची असतात. खलनायकांना चालतं. ते वाचून मी धारवाडच्या सरांना फोन करून अर्धा तास हसलो होतो.

हे सर माझ्या बॅचमध्ये पहिले तपासनीस. आधी ते पाहतात, मग मी, आणि पुण्याच्या मॅडम शेवटचं रेटिंग ठरवून कुलूप लावतात. सरांची मातृभाषा कन्नड, मराठी आमच्यापेक्षा स्पष्ट, फक्त प्रत्येक वाक्याला 'री' लागतं.

तर आमची तिघांची जिच्यावरून जुंपली ती मालिका. नाव सांगता येणार नाही, करार आहे. दोन बायका, दोघी हिरो, दीड सीझन एकमेकींच्या पाठीला पाठ लावून लढतायत. या भागात एक जखमी होते. बंद पडलेल्या गोदामात दुसरी तिच्या खांद्याला टाके घालते, सुई दोनदा निसटते, दोघी हसतात आणि मग चुंबन. चार सेकंद, त्यातले निम्मे कॅमेरा पाठीमागून. सरांनी टाकलं : सौम्य, १३+. मीही तेच ठेवलं. मॅडमकडून परत आलं : 'प्रौढ विषय, १६+'.

सरांचा फोन सकाळीच. "तुम्हीच बोला री. मी बोललो की त्या 'नंतर करते' म्हणतात."

त्या दिवशी आमच्याकडे लाईट गेलेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फाइल आणि संध्याकाळपर्यंत बॅच द्यायची. मी जुनी शीटं काढली. त्याच एजन्सीत, त्याच मॅडमच्या सहीनं, पावसात भिजलेल्या हिरो-हिरॉइनचं अकरा सेकंदांचं चुंबन १३+ मध्ये पास झालेलं. नियमांचं परिशिष्ट काढलं. जात, वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, लैंगिकता यांचा परिणाम वर्गवारी करताना लक्षात घ्यायचा, त्याची तीव्रता बघायची, असं त्यात आहे. चार सेकंदांची तीव्रता ती काय! मुद्दा भक्कम होता. फक्त पूर्ण भाग पुन्हा एकदा बघून घ्यावा म्हणून लावला आणि एकविसाव्या मिनिटाला थांबलो.

खलनायकाकडे एक शक्ती आहे : तो बोटांनी एक सुगंध उडवतो आणि समोरचा माणूस त्याच्या प्रेमात पडतो. बारमधली एक मुलगी. आधी ती त्याला झटकते, मग सुगंध, मग ती हसत त्याच्याबरोबर जाते. मागे गमतीचं संगीत. पुढचं दृश्य : पांढरी चादर, ऊन, ज्यूसचा ग्लास. ती जागी होते, तिला काही आठवत नाही. नंतर हिरोंची टोळी या प्रकारावर विनोद करते. सरांची नोंद : 'प्रणयानंतरची सकाळ, सौम्य'. ती मी पहिल्या फेरीत तशीच पुढे पाठवली होती. मॅडमनीही त्यावर काही लिहिलं नव्हतं.

हा या मालिकांचा जुनाच माल आहे. 'लोइस अँड क्लार्क'च्या पहिल्या सीझनमध्येही असल्या अत्तराचा एक भाग होता, नुसती धमाल. आपल्या एसटीत सीटच्या मागे वशीकरणवाल्या बाबाचं स्टिकर असतं ना, तसं : सगळे वाचतात, सगळे हसतात, त्या बाबाकडे जाऊन कुणाचं काय होतं ते कुणी विचारत नाही. २०१५ च्या 'जेसिका जोन्स'मध्ये किलग्रेव्ह नावाचा माणूस नुसतं बोलून लोकांकडून हवं ते करून घेतो. तिथे मात्र जेसिका त्याच्या तोंडावर सांगते की तू केलास तो बलात्कार. तो बलात्कार पडद्यावर न दाखवताही ती मालिका माझ्या छातीवर बसली होती. इथे ज्यूसचा ग्लास.

आता माझी पंचाईत बघा. हा प्रसंग जबरदस्ती म्हणून नोंदवला तर तो तीव्र, म्हणजे भाग १६+. म्हणजे मॅडमना हवं तेच रेटिंग आणि ते चार सेकंद कुलुपात. नाही नोंदवला तर माझा मुद्दा जिंकतो.

मी मॅडमना फोन लावला आणि आधी चुंबनाचंच बोललो. अकरा सेकंद, परिशिष्ट, सगळं. त्या म्हणाल्या, "अहो, ते ठीक आहे, पण ही थीम आहे. छोट्या शहरांतलं पब्लिक बिचकतं. तुमच्या बेळगावसारखं."

बेळगावचं नाव घ्यायला नको होतं. मी म्हटलं, मॅडम, सौंदत्तीची यल्लम्मा आमच्याच जिल्ह्यात आहे. साडी नेसलेले, कपाळभर भंडारा लावलेले जोगते आमच्या दारात येतात. आई सूप भरून जोगवा घालते आणि वाकून नमस्कार करते. चौंडकं वाजलं की पोरं घरात लपत नाहीत, बाहेर येतात. बिचकतं ते कुठलं पब्लिक?

"ते देवाधर्माचं झालं," मॅडम म्हणाल्या. "ते वेगळं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पक्कं नाही. जोगत्याला नमस्कार करणारी माणसं स्वतःच्या पोरानं काही सांगितलं तर काय करतात ते मीही पाहिलंय.

मॅडम वाईट नाहीत. एक तक्रार आली की वरून त्यांनाच झापतात, खाली आम्हाला नव्हे. पण झापून घेतलेला माणूस पुढे प्रत्येक वेळी आधीच एक पायरी वर चढवून ठेवतो. नियम तसं सांगत नाहीत, भीती सांगते. असल्या एजन्सीत निम्मी रेटिंगं याच भीतीनं ठरतात असं माझं मत झालंय.

मग मी एकविसावं मिनिट काढलं.

"त्यात तर काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"तेच तर."

बराच वेळ पलीकडून टाइपिंगचा आवाज. त्यांनी ते दृश्य लावून बघितलं असावं. मग म्हणाल्या, "हं. लिहा." आम्ही घासाघीस केली. चुंबनाची नोंद पुन्हा सौम्य झाली, 'प्रौढ विषय' गेलं. बारच्या मुलीची नोंद तीव्र झाली, 'लैंगिक जबरदस्ती' असं वर्णन आलं. भाग १६+. लाईट आली तोवर बॅच गेलेली होती.

सर भडकले. "हातातली मॅच घालवलीत की री! त्या पोरींना कुलूप लावलंत आणि त्या नालायकाचं नाव वर छापलंत."

त्यांचं म्हणणं असं : १३-१४ वर्षांच्या ज्या पोरीला त्या चार सेकंदांची गरज आहे, तिच्यासाठी ते बंद झालं. बारची मुलगी तिच्या नजरेतूनही सुटली असती. माझं म्हणणं : सुटली असती तेच वाईट, दहा मालिकांमधून दहा वेळा सुटतं आणि मग तो विनोद वाटायला लागतो. आम्ही यावर अजून भांडतो. पेरेंटल लॉकचा मुद्दा तर दोघांच्याही हातातून गेलाय. भाग आल्यावर खानापूरला बहिणीकडे गेलो होतो. भाची नववीत. मालिका तिनं बघून टाकलेली. घरच्या अकाउंटचा पिन तिनंच सेट केलाय, दाजींना तो माहीत नाही. त्यांना क्रिकेट बघायचं झालं की तेच तिला हाक मारतात.

"कसा वाटला भाग?"

"मामा, किती दिवस लावले त्यांनी! मला तर दुसऱ्या एपिसोडलाच कळलेलं." म्हणजे तिनं नजर पकडली होती.

"आणि ती बारमधली मुलगी?"

"कुठली मुलगी?"

मी सांगितलं. तिनं आठवून बघितलं. "हां, ती. ती मेली का?" नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला. हे मी सरांना सांगितलं नाही, कारण त्यांनी ते आपल्या बाजूनं वापरलं असतं. माझ्या बाजूनंही वापरता येतं म्हणा.

संमतीसाठी वेगळा रकाना द्या, असं मी मॅडमना लिहिलंय. कपडे किती यावरून नाही, दोघांना ते हवंय की नाही यावरून नोंद व्हावी. 'पुढच्या आवृत्तीत बघू' असं उत्तर आलं. तोवर मी ते रिमार्क्समध्ये टाकतो. तिथे थोडीच अक्षरं मावतात. परवा एका जुन्या मालिकेच्या शीटवर सरांची नोंद दिसली : 'लव्ह स्प्रे, नो कन्सेंट, तीव्र'. मी काही बोलायच्या आत त्यांचाच फोन. "खूश होऊ नका री. तुमच्या नादानं आता प्रत्येक ज्यूसच्या ग्लासाला थांबावं लागतंय. पैसे मिनिटावर मिळतात, माहीत आहे ना?"