डेशूट्सवर, हाताने बांधलेल्या माश्या घेऊन

पोर्टलंडहून हायवे 26 ने माउंट हूडला वळसा घातला की देवदारांची दाटी अचानक विरळ होते, आणि 216 नंबरच्या रस्त्याला लागेपर्यंत नुसतं पिवळं, वाळलेलं गवत उरतं. दोनेक तासांत मॉपिन. गाव लहान, बर्फ, पेट्रोल, गळांचं दुकान, संपलं. ही अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याची कोरडी बाजू आहे आणि तिच्या दरीतून डेशूट्स नदी वाहते. इथे मासे धरायचे ते गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेल्या नकली माश्यांनी.

मुक्कामाची जागा ठरवण्याआधी चौकशी एकच करायची: व्हाइट रिव्हर कशी आहे? ही उपनदी माउंट हूडच्या हिमनदीतून येते आणि मॉपिनच्या खाली काही मैलांवर डेशूट्सला मिळते. ऊन कडक पडलं किंवा शरदातला पहिला पाऊस झाला, की ती हिमनदीचा बारीक गाळ घेऊन ताकासारखी पांढरी उतरते. मग संगमाच्या खाली माश्या टाकण्यात अर्थ नाही, संगमाच्या वर राहायचं. ती स्वच्छ असेल तर शेरर्स फॉल्स या धबधब्यावरून खाली मॅक्स कॅन्यनकडे जाणारा कच्चा रस्ता धरायचा. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं, म्हणून बांधायचं सामान कपड्यांत गुंडाळून ठेवा. शेरर्स फॉल्सला मात्र थांबा. तिथे वॉर्म स्प्रिंग्ज या मूळ रहिवासी जमातींचे लोक लाकडी मचाणांवर उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे पकडतात. 1855 च्या करारात त्यांनी राखून ठेवलेला तो हक्क आहे.

इथले रेडबँड ट्राउट आणि स्टीलहेड हे दोन मासे म्हणजे एकच जात. एक जन्मभर नदीत राहतो, दुसरा समुद्रात जाऊन मोठा होतो आणि कोलंबिया नदीतून दोन धरणं, बॉनव्हिल आणि द डॅल्स, ओलांडून परत येतो. दोघांसाठी माशी मात्र वेगळी लागते, आणि ती बांधतानाच्या चुकाही वेगळ्या.

स्टीलहेडसाठी आम्ही ग्रीन बट स्कंक नावाची माशी बांधतो. 6 नंबरचा, वर वळलेल्या डोळ्याचा, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाचा, सामन गळ, काळा दोरा. वाइसमध्ये, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या शिकंजात, लावण्यापूर्वी पकडीने गळाचा उलटा काटा दाबून टाका. काटा दाबताना गळाचं टोक कधीकधी तुटतं. आधी तुटलं तर फक्त गळ जातो, नंतर तुटलं तर अर्ध्या तासाची माशी.

शेपूट म्हणून लाल पिसाचे दहा-बारा तंतू, गळाच्या तोंडाइतकेच, म्हणजे टोक आणि दांडी यांमधल्या अंतराइतकेच, लांब. मग चमकत्या हिरव्या शेनिलचे, म्हणजे लवदार दोऱ्याचे, तीन वेढे. शेनिल बांधायचा तर टोकाची लव नखाने सोलून आतला दोरा मोकळा करायचा आणि तेवढाच बांधायचा. तसं केलं नाही तर तिथे गाठ होते आणि पुढचं काळं अंग त्या गाठीवर चढून वाकडं बसतं. रुपेरी टिन्सेल, म्हणजे चमकती पट्टी, हिरव्याच्या पुढे बांधून ठेवा, काळा शेनिल पुढे न्या, त्यावर टिन्सेलचे चार-पाच तिरके वेढे. टिन्सेल संपला तर साडीच्या काठातली जर चालते. पण प्लास्टिकची, खरी जर भिजली की काळवंडते.

इथपर्यंत सगळे ठीक बांधतात. बिघडतं ते पुढे. अंग गळाच्या डोळ्यापर्यंत नेऊ नका, डोळ्याच्या रुंदीच्या दुप्पट जागा सोडा. काळ्या हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या पिसाचे, दोन वेढे, जास्तीत जास्त तीन, आणि तंतू मागे ओढून धरलेले. त्यानंतर पंख: वासराच्या शेपटीचे पांढरे केस, आगकाडीइतकी जाड बट. लहान केस बारीक फणीने विंचरून काढा, नाहीतर ते आत घुसून बसतात, दोरा मुख्य केसांना नीट आवळतच नाही आणि दहाव्या फेकीला पंख निसटतो. बुडखे तिरके कापा, त्यावर लॅकरचा एक थेंब टाका आणि तो ओला असतानाच दोरा आवळा. पंख गळाच्या वळणापर्यंतच हवा. लांब ठेवला तर तो वळणाभोवती गुंडाळतो आणि माशी पाण्यात आडवी फिरू लागते. शेवटी दोन गाठी, प्रत्येकी चार-पाच वेढ्यांची. वर पारदर्शक नेलपॉलिश, आणि ते ओलं असतानाच डोळ्यातून सुई फिरवा. संध्याकाळी नदीकाठी बुजलेला डोळा उकरत बसण्यासारखा मनस्ताप नाही.

दुकानातल्या माश्यांत मला खटकतो तो भरगच्चपणा. विकायला छान, पण जाड माशी पाण्याच्या वरच घुटमळते.

ट्राउटसाठी एल्क हेअर कॅडिस ही माशी. माश्या बांधणाऱ्या अल ट्रॉथने ती 1957 मध्ये पेनसिल्व्हेनियात बांधली, आणि ती डेशूट्सच्या संध्याकाळींना चपखल बसते. 14 किंवा 16 नंबरचा कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, माशीचा गळ. बारीक सोनेरी तार मागे बांधून ठेवा, सशाच्या लोकरीचं पातळ डबिंग, म्हणजे दोऱ्यावर पिळलेली लोकर, पुढपर्यंत करा, तिथे तपकिरी हॅकल बांधून पुढून मागे वेढा. मग तार उलट दिशेने, हॅकलच्या मधून, मागून पुढे आणा. ट्राउटचे दात पीस तोडतात. ही तार नसेल तर एका माशानंतर सगळं सुटतं.

एल्क या मोठ्या हरणाच्या केसांच्या मुळाशी बारीक लोकर असते. ती पूर्ण काढा. राहिली तर केस घसरतात आणि पंख गळाभोवती फिरून पोटाशी येतो. टोकं जुळवून बट अंगावर ठेवा. दोन सैल वेढे, मग सरळ खाली खेचा. तिरकं खेचलं तरी पंख फिरतोच. बुडखे कापून त्यांचंच छोटं डोकं करायचं.

आता पाण्याकडे. बोटीतून गळ टाकायला इथे मनाई आहे. बोट फक्त जागा गाठायला, उतरूनच मासेमारी. पायाखालचे दगड तेल लावल्यासारखे निसरडे असतात. खिळे लावलेले बूट आणि काठी हवीच. काठावरच्या गवतात रॅटलस्नेक असतात, पाय बघून टाका.

बहुतेक जण पहिल्या पावलालाच ट्राउट हुसकतात. तो आल्डर झाडांच्या झुकलेल्या फांद्यांखाली, काठापासून हातभर अंतरावर असतो. म्हणून पाण्यात न शिरता आधी काठाजवळून, प्रवाहाच्या वरच्या दिशेला माशी टाका.

स्टीलहेडसाठी जुलै ते ऑक्टोबर, आणि ऊन पाण्यावर नसताना. पहाटे किंवा दरीत सावली उतरल्यावर तरंगती दोरी, तिरकी 45 अंशांत प्रवाहाच्या खालच्या बाजूला. दोरीत पोट पडलं, म्हणजे ती मध्ये बाकली, तर ते पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाका, म्हणजे माशी धावत नाही. ती झुलत काठाशी येऊन थांबली, की दोन पावलं खाली सरका आणि पुन्हा फेक. ओढ जाणवली तर झटका देऊ नका, मासा वळून दोरी ताणेपर्यंत हात स्वस्थ ठेवा. बहुतेक स्टीलहेड या एका झटक्यात सुटतात.

पाठीवर शेपटीजवळचा मांसल लहान पर असेल तर मासा जंगली, त्याला सोडायचंच. तो पर कापलेला असेल तर तो हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेला. पाण्याचं तापमान 20 अंशांच्या वर गेलं, की दमवलेला मासा सोडला तरी जगेल याचा भरवसा नसतो. थर्मामीटर खिशात असू द्या. स्टीलहेडच्या संख्येप्रमाणे नियम हंगामात मध्येच बदलतात, म्हणून लायसन्स आणि टॅग काढतानाच ताजे नियम वाचा.

रात्री कॅम्पच्या टेबलावर हेडलॅम्प आणि वाइस. दिवसभरात कुठली माशी कुठून उसवली ते बघायचं, ब्लेडने दोरा कापून गळ मोकळा करायचा आणि दुसऱ्या दिवशीसाठी चार नव्या बांधायच्या. वारा सुटला तर केस उडतात. तेव्हा गाडीत बसून बांधा.